बटण दोनदा दाबायचं नाही

माझ्या वडिलांच्या उजव्या हाताची चार बोटं दादऱ्याच्या एका कारखान्यात गेली तेव्हा मी सातवीत होते. प्लास्टिकचं भंगार दळायचं मशीन होतं. अंगठा तेवढा राहिला. शिरपूरकडून सिल्वासाला येऊन आम्हाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. ऐंशीच्या त्या दशकात इकडे दर महिन्याला कुठे ना कुठे नवी शेड उभी राहायची, पण नुसत्या अंगठ्यावर काम देणारी शेड एकही नव्हती.

आम्ही डोकमर्डीला पत्र्याच्या खोलीत राहायचो. आईनं घरी काम आणलं. मोल्डिंगमधून निघालेल्या बाटलीच्या झाकणाला कडेनं प्लास्टिकचा पातळ पदर राहतो, तो ब्लेडनं काढायचा. पोत्यानं झाकणं यायची. आई ब्लेड चालवायची, शाळेतून आले की मी चालवायची, आणि वडील डाव्या हातानं आणि उरलेल्या अंगठ्यानं पोत्याचं तोंड धरून बसायचे. ते प्लास्टिकचे कातरे भाकरीच्या पिठात निघायचे, केसांत निघायचे, एकदा वडिलांच्या कानात निघाले.

ठेकेदार माल न्यायला यायचा तेव्हा आधी खोलीभर नजर फिरवायचा. त्याला वाटायचं, आम्ही मागच्या मागे झाकणं दुसरीकडे देतो. एकदा त्यानं आमची लोखंडी पेटी उघडायला लावली. आत आईचं लग्नातलं लुगडं आणि माझी सहावीची पुस्तकं निघाली.

"पुस्तकं कशाला ठेवली पेटीत?" त्यानं विचारलं.

"उंदरं खातस ना भाऊ," आई म्हणाली.

त्यानं पुस्तकंही झटकून पाहिली. तेव्हापासून मला एक खोड लागली. कोणी आपल्याकडे नीट बघायला लागलं की हा काय शोधतोय, ते आपण आधी ओळखायचं. ही खोड मला पुढे उपयोगी पडली, आणि एका माणसाच्या बाबतीत तिनं मला चुकीच्या वाटेलाही लावलं.

कॉलेजसाठी मी वापीला जायची. आमच्या केंद्रशासित भागात दारू मोकळी आणि गुजरातेत बंदी, त्यामुळे वापीची बस हद्दीवरच्या चौकीत थांबवायचे आणि पोलिस पिशव्या चाचपायचे. "डब्बो खोलो, बेन." मी डबा उघडायची, तो वाकून वास घ्यायचा, आणि ठेचा नाकात गेला की शिंकायचा. तीन वर्षं माझ्या ठेच्याची अशी सरकारी तपासणी झाली आणि मी बी.एस्सी. झाले, फिजिक्स घेऊन. आईच्या आणि वडिलांच्या, दोन्ही घरांत कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते. सांगायला लाज कसली?

नव्वदीच्या मध्याला गलोंड्याच्या रस्त्याला टीव्हीचे रिमोट बनवणारा कारखाना निघाला. लाइनवर बहुतेक बायका, आणि बायकांची झडती घ्यायला बाईच लागते, म्हणून माझी आई तिथं गेटवर लागली होती. मी तिच्यानंतर लागले, तपासणीच्या टेबलावर. आईला वाचता येत नव्हतं, पण कोणाच्या चालण्यावरून कमरेला काय आहे हे तिला कळायचं. ती पाठ चाचपायची, आंबाडा दाबून बघायची, डबा उलटा करायची. माझा डबा दोनदा उलटा करायची. लोकांनी माय-लेकीचं संगनमत म्हणू नये, म्हणून.

"मावशी, पोरीच्या आंबाड्यात अख्खा टीव्ही आहे बघा," मागच्या मुली ओरडायच्या.

"व्हई तर काढसू," आई म्हणायची, आणि खरंच आंबाडा सोडायला लावायची. गेटवर ती मला नावानं हाक मारत नसे. "ओ बाई, इकडे या," असं म्हणायची. मला राग यायचा. पण तो गिळून मी दोन्ही हात वर करून उभी राहायची.

आमचा रिमोट म्हणजे त्या काळी नवलाची वस्तू. एकच रिमोट आणि कुठल्याही कंपनीचा टीव्ही. घरी नेल्यावर आपल्या टीव्हीचा तीन आकडी नंबर त्यात एकदा भरायचा, की तो त्या टीव्हीच्या भाषेत बोलायला लागायचा. भाषा हा शब्द मी उगीच वापरत नाही. रिमोटच्या तोंडाशी एक छोटा दिवा असतो. त्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही, टीव्हीला दिसतो. बटण दाबलं की तो दिवा फार वेगानं लुकलुकतो, मधेच थांबतो, पुन्हा लुकलुकतो. लुकलुकणं किती वेळ आणि थांबणं किती वेळ, यावरून टीव्ही समजतो की आवाज वाढवायचा की चॅनल बदलायचं. हे लुकलुकणं प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलेलं.

कारखान्यात आम्ही त्याच्या दोन जाती मानायचो. एक डोकेवाला कोड. त्यात सुरुवातीला एक लांब ठोका असायचा, 'आता ऐक' असं टीव्हीला बजावणारा. मग टीव्हीचा नंबर, लगेच तोच नंबर उलटा करून. मग बटणाचा नंबर, आणि तोही उलटा करून. दोन्ही जुळले तरच टीव्ही ऐकणार. मला तो कोड आवडायचा. समोरच्यावर विश्वास न टाकणारा कोड, आमच्या गेटसारखा. दुसरी जात बिनडोक्या कोडची. त्यात लांब ठोका नाही, फक्त चौदा ठोके एका मापात. एका विलायती कंपनीच्या टीव्हीचा कोड असा होता आणि तो टीव्ही आमच्या भागात पुष्कळ घरांत होता.

हे कोड आमच्याकडे यायचे कसे, तर पुण्याहून आलेला एक इंजिनिअर कोड रूममध्ये बसायचा. त्याच्याकडे एक डबी होती. टीव्हीबरोबर आलेला मूळ रिमोट त्या डबीसमोर धरायचा, एकेक बटण दाबायचं, डबी ते लुकलुकणं टिपून घ्यायची, आणि तेच जसंच्या तसं आमच्या चिपमध्ये भरायचं. कोड रूमला कुलूप असायचं. आतल्या स्कोपवर, म्हणजे ते लुकलुकणं पडद्यावर रेघेत दाखवणाऱ्या यंत्रावर, तो कापड टाकून ठेवायचा. लाइनवरच्या कोणालाही आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती.

माझं टेबल लाइनच्या शेवटी. माझ्यासमोर निरनिराळ्या कंपन्यांचे टीव्ही मांडलेले असायचे. तयार पीस आला की त्यात नंबर भरायचा आणि कार्डावर लिहिलंय त्या क्रमानं, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक बटण एकदा दाबायचं. टीव्हीनं ऐकलं की पुढचं बटण. सगळी झाली की सेलच्या झाकणाखाली माझा गोल शिक्का मारायचा, सात नंबरचा.

कार्डावर खाली लाल अक्षरात एक नियम होता: बटण दोनदा दाबायचं नाही. त्याचं कारणही बरोबर होतं. रबरी बटणाच्या खाली कार्बनची टिकली असते. ती नीट बसली नसेल तर पहिल्या दाबाला बटण लागत नाही, दुसऱ्याला लागतं. अशा वेळी आळशी तपासनीस दुसऱ्यांदा दाबतो आणि पास करून टाकतो. म्हणून एकदा दाबून चाललं नाही तर पीस बाजूला. मी हा नियम देवासारखा पाळला. शेजारची मुलगी कधी चोरून दुसऱ्यांदा दाबायला गेली तर मी तिचा हात धरायची. "एवढी काय गं सत्यवादी?" ती म्हणायची. पण दीड वर्षात मी एकही बटण दोनदा दाबलं नाही, आणि त्याचा मला गर्व होता.

मग माल परत यायला लागला. डीलर रिमोटला रबरबँडनं चिठ्ठी लावून पाठवायचे. एकावर लिहिलेलं, 'मुका केला की परत बोलत नाही.' दुसऱ्यावर, '११ लागत नाही.' एकावर गुजरातीत, 'बंद थाय छे, चालू नथी थतो.' परत आलेला माल माझ्याच टेबलावर यायचा. मी नंबर भरायची, कार्डाप्रमाणे एकेक बटण दाबायची. आवाज मुका व्हायचा. चॅनल लागायचं. टीव्ही बंद व्हायचा. सगळं ठीक. मी चिठ्ठीवर लिहायची, 'दोष आढळला नाही.' आठवड्यानं तोच रिमोट पुन्हा हजर, चिठ्ठीवर जरा जास्त रागानं लिहिलेलं.

आधी सगळ्यांनी डीलरांवर संशय घेतला. ते लोक आपला जुना, पडलेला माल आमच्या नावावर खपवतात, असं ऑफिसात ठरलं. मला ते पटलं नाही, कारण माझा संशय दुसरीकडे होता. पुण्याचा इंजिनिअर रोज संध्याकाळी काळी ब्रीफकेस घेऊन बाहेर पडायचा. ती कोणी उघडत नसे. आईच्या हाताखाली फक्त बायका. मी मनाशी पक्कं केलं की हा माणूस चांगले पीस बाहेर नेतो, बाहेर कोणाला तरी कोड विकतो, आणि खोक्यांत कधी चालणारे, कधी न चालणारे नापास पीस भरून ठेवतो. म्हणून मी शिक्का मारताना सेलच्या स्प्रिंगमागे केसाच्या पिननं एक बारीक फुली मारायला लागले. परत येणाऱ्या पीसवर फुली नसली की मी त्याला धरणार होते. हे मी कोणाला सांगितलं नाही. आईला तर नाहीच.

माझा बेत पुरा व्हायच्या आत मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. साहेब नाशिकचे, आवाज न चढवता बोलणारे. पुण्याचा इंजिनिअर बाजूच्या खुर्चीत होता.

"ताई, तुमच्या हाताला गुण आहे," साहेब म्हणाले. "डीलरकडे बंद पडलेला रिमोट तुमच्याकडे आला की चालायला लागतो."

"साहेब, मी प्रत्येक बटण दाबते."

"ते तुम्ही म्हणता. शिक्का तर बटण न दाबताही मारता येतो."

"सर, एका शिफ्टला इतके पीस खरोखर तपासून होतात का, हाही प्रश्न आहे," इंजिनिअर म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "बी.एस्सी. ना तुम्ही? लंबक मोजणं वेगळं आणि लाइन वेगळी."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आई गेटवर, मुलगी शिक्क्यावर. आणि माल मधेच कुठेतरी बिघडतो. मला जास्त बोलायला लावू नका. आठ दिवस देतो. काय ते शोधा, नाहीतर दोघींनी घरी बसायचं."

दोघींनी, असं ते म्हणाले. आमच्या घरात दोघींशिवाय कमावणारं कोणी नव्हतं. पण त्या क्षणी पगाराचं डोक्यात आलं नाही. न तपासता शिक्का मारणारी, असं माझ्या नावावर लागलं तर सिल्वासापासून दादऱ्यापर्यंत एकाही कारखान्यात मला कोणी तपासणीला उभं करणार नव्हतं. इथं बातमी बसच्या आधी पोचते.

आईला ते गेटवर कळलंच होतं. घरी जाताना अर्धा रस्ता ती माझ्या पुढे पुढे चालली. मग चालता चालता थांबली.

"खरं सांग माले. बटनं दाबस का नुसता शिक्का मारस?"

"तू पण?"

"मी इचारस. इचारानं मनं कामच शे."

"दाबते. एकूण एक दाबते."

"मंग लोक खोटं बोलतस का? इतला लोक?"

तिनं माझ्याकडे गेटवर बघते तसं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि पुढे चालायला लागली. वडील दारातच बसले होते. दोघींची तोंडं बघून त्यांनी सरकून आत जायला वाट दिली.

दोन दिवसांनी, फुली सुरू केल्यानंतर विकलेल्या मालातलं परत आलेलं पहिलं खोकं आलं. मी एकेका रिमोटचं झाकण काढून स्प्रिंगमागे पाहिलं. फुली. फुली. प्रत्येकावर माझी फुली. म्हणजे पीस बदलले नव्हते. ज्याला मी इतके दिवस मनातल्या मनात चोर म्हणत होते त्यानं निदान ही चोरी केली नव्हती. खरं सांगते, मला बरं वाटलं नाही. चोर नाही म्हटल्यावर मग उरलं काय? मी आणि माझा शिक्का.

मग मी चिठ्ठ्या मांडून बसले. इतके दिवस मी त्या नुसत्या रागानं वाचल्या होत्या. आता टीव्हीची कंपनी कोणती तेवढंच बघत गेले. एकूण एक चिठ्ठी त्या विलायती कंपनीची, बिनडोक्या कोडची. डोकेवाल्या कोडची एकही तक्रार नाही.

गुरुवारी आमची सुट्टी. सिल्वासाच्या बाजारात एका गुजराती काकांचं टीव्हीचं दुकान होतं, सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या त्यांच्या. मी निघाले तर आई चप्पल घालून उभी.

"तू कशाला?"

"मी बी येस. मना डोयानं दखसू."

मुलीवर पाळत ठेवायला ती सुट्टीच्या दिवशी आली होती.

काकांनी आम्हाला ओळखलं ते माझ्या कंपनीच्या पिशवीवरून. "आव्या कंपनीवाळा," ते नोकराला म्हणाले. "हवे कहेशे, रिमोट सारो छे, तमारो टीवी खराब."

"मी काही म्हणायला नाही आले काका. मला रिमोट दाखवा."

त्यांनी तो काउंटरखालून असा काढला की जणू मी घेऊन पळणार आहे. दुकानात तोच विलायती टीव्ही चालू होता. मी रिमोट हातात घेतला आणि सवयीनं सुरू केलं, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, एकेकदा. टीव्हीनं सगळं ऐकलं. मी काकांकडे पाहिलं.

काका हसायला लागले. "बेन, तमे तो माळा जपो छो! घेर कोई आम टीवी जुए छे? लाओ, अगियार लगाओ."

घरी कोणी असं एकेक बटण जपत टीव्ही बघत नाही, हे खरंच. केबल नवीन आली होती, चॅनलचे नंबर दोन आकड्यांत गेले होते. अकरा म्हणजे एक, आणि पुन्हा एक. मी एक दाबला. पडद्यावर एक आला आणि पुढच्या आकड्याची वाट बघत चमकत राहिला. मी पुन्हा एक दाबायला अंगठा उचलला, आणि तो तिथंच अडला. दीड वर्षाची सवय. काकांना वाटलं मी घाबरले.

"दबाव ने!"

मी दाबला. काही झालं नाही. पडद्यावर एकच राहिला. बारा लावून पाहिला, लागला. एकवीस लागला. बावीस नाही. मग मुका करायचं बटण दाबून टीव्ही मुका केला. पुन्हा तेच दाबलं, मुकाच. आवाज वाढवायचं बटण दाबलं, बोलायला लागला. आता मुका करायचं बटण पुन्हा चालत होतं. पण एकदाच.

"काका, टीव्हीबरोबरचा जुना रिमोट आहे?"

त्यांनी टीव्हीवरून काढून दिला. त्यानं अकरा लागला. बावीस लागला. मुका झाला, बोलला, मुका झाला, बोलला.

मधे दुसरं बटण दाबलं की चालतं, तेच बटण लागोपाठ दाबलं की चालत नाही. बटणात दोष असता तर असं झालं नसतं. दोष कोडमध्ये होता. आणि माझं टेबल तो कधीच पकडू शकलं नसतं, कारण माझ्या टेबलावर एक बटण लागोपाठ दोनदा दाबायला बंदी होती आणि ती बंदी सगळ्यांत कडक पाळणारी मीच.

आई इतका वेळ माझ्या अंगठ्याकडे बघत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "तू एकेकच दाबस."

"हो."

"कंपनीनं सांगेल म्हनून."

"हो."

"मंग तुनी काय चूक?" एवढं बोलून तिनं भाजीवाल्याशी घासाघीस सुरू केली. माझा खटला तिच्या लेखी संपला होता. कंपनीच्या लेखी नव्हता.

शुक्रवारी सकाळी मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. तिथं पाहुण्यांना दाखवायला तोच विलायती टीव्ही होता. मी आमचा एक रिमोट त्यांच्या हातात दिला. "साहेब, मुका करा आणि परत बोलता करा. फक्त तेच बटण वापरा."

त्यांनी दाबलं. मुका. पुन्हा दाबलं. मुकाच. त्यांनी रिमोट उलटासुलटा करून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"यात तुम्ही काही केलंय?"

"स्टोअरमधून तुम्ही स्वतः आणा. सील असलेलं खोकं."

ते स्वतः उठून गेले. तीन सीलबंद पीस आणले, तीनदा टीव्ही मुका करून ठेवला. मग फोन उचलून इंजिनिअरला म्हणाले, "कोड रूम उघडा. आम्ही येतोय."

त्या खोलीत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं. इंजिनिअरनं स्कोपवरचं कापड काढलं, ते नीट घडी करून ठेवलं. मला वाटतं त्याला वेळ हवा होता. मी म्हटलं, आधी मूळ रिमोट दाखवा, एकच बटण, दोनदा. पडद्यावर चौदा ठोक्यांची हिरवी रेघ उमटली. दुसऱ्यांदा दाबल्यावर पुन्हा उमटली. तेरा ठोके तेच. तिसरा ठोका उलटा. पुन्हा दाबलं, तिसरा सुलटा. पुन्हा, उलटा.

मग आमचा रिमोट. एक दाबला. एक दाबला. एक दाबला. तिसरा ठोका हलला नाही. मी दोन दाबला, त्याचा तिसरा ठोका उलटा, आणि कायम उलटाच. तीनचा सुलटा. चारचा उलटा. ते बघून मला कळलं की हे कोड कसे टिपलेत. मूळ रिमोटची बटणं ओळीनं एकेकदा दाबत गेले होते, आणि ज्या बटणाला जो ठोका मिळाला तो त्याच्या कपाळी कायमचा बसला.

"म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, बटण दाबून धरलं तर रिमोट तेच तेच पाठवत राहतो. मग टीव्हीला कसं कळावं की बोट अजून बटणावरच आहे, की उचलून पुन्हा दाबलंय? म्हणून दर नव्या दाबाला हा तिसरा ठोका उलटतो. आपल्या रिमोटचा उलटत नाही. आपण दुसऱ्यांदा दाबलं तरी टीव्हीला वाटतं, बोट उचललेलंच नाही. आवाज वाढवताना बोट तसंही दाबूनच ठेवतो, म्हणून तिथं कोणाची तक्रार नाही."

मग इंजिनिअर हळूच म्हणाला, "त्याला टॉगल म्हणतात."

मी त्याच्याकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. त्याला शब्द माहीत होता.

"माहीत होतं, तर मग?"

"कुठेतरी वाचलं होतं, सर. वाटलं, टीव्हीला फरक पडत नसेल. टेस्टिंगला सगळे पीस पास होत होते." आणि मग, माझ्याकडे न बघता, "टेस्टिंगनं पकडायला हवं होतं."

"टेस्टिंगचं कार्ड कोणी लिहिलं?" मी विचारलं.

कार्डावर खाली सही त्याचीच होती.

माझ्यावर बोट उठलं तेव्हा हा माणूस बाजूच्या खुर्चीत बसून होता. त्याला तेव्हा कळलेलं होतं का, की त्या खोलीतच पहिल्यांदा लक्षात आलं? चिठ्ठ्या त्यानंही वाचल्या असणार. मी यावर पुष्कळ विचार केला आहे आणि अजून ठरवू शकलेले नाही. त्याच्या ब्रीफकेसमध्ये काय असायचं तेही मला आजवर कळलं नाही. कदाचित जेवणाचा डबाच असेल.

चिपमधला प्रोग्रॅम बदलला. बिनडोक्या कोडचा तिसरा ठोका आता दर दाबाला उलटायचा. पडून असलेला सगळा माल खोलून चिपा बदलल्या, त्यात लाइनचा पंधरवडा गेला. साहेबांनी माझी माफी मागितली नाही, पण माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "नवीन कार्ड तुम्ही लिहा." मी लिहिलं. मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत, म्हणजे लाइनवरच्या कोणालाही सबब राहायला नको. प्रत्येक बटण दोनदा. पहिल्या दाबाला चाललं नाही तर नापास, दुसऱ्या दाबाला चाललं नाही तरी नापास.

"आता दोनदा दाबायचं होय?" शेजारची म्हणाली. "आणि इतके दिवस माझा हात धरत होतीस ती?"

"तेव्हा तो नियम होता."

"आणि उद्या तीनदा दाबायचा निघाला तर?"

"तर तीनदा दाब."

आठव्या दिवशी ना मी घरी बसले ना आई. आई त्या गेटवरच निवृत्त झाली आणि तिनं शेवटपर्यंत माझी झडती घेतली. पुढच्या वर्षी साहेबांनी मला कोड रूममध्ये घेतलं. लाइनवरून तिथं गेलेली मी पहिली बाई. कारखान्याच्या त्यानंतरच्या रिमोटमध्ये जेवढे कोड भरले गेले, ते सगळे मी स्कोपवर वाचून, ठोका ठोका समजून घेऊन लिहिले. त्यातला एकही रिमोट कोडच्या दोषासाठी परत आला नाही.